कोणत्या सालची भरती सरस?

कोळशाच्या खाणीत माणसाची ओळख त्याच्या भरतीच्या सालाने होते. 'तो शहाण्णवच्या भरतीतला' एवढे म्हटले, की त्याची ज्येष्ठता किती, बढती केव्हा, निवृत्तीस वर्षे किती उरली, हे ऐकणाऱ्यास न सांगता कळते. युनियनच्या कामात आमचा जन्म अशा याद्या चाळण्यात गेला. त्यामुळे धानाची कापणी आटोपल्यावर मूलच्या बाजूस रात्रीचे कबड्डीचे सामने पाहावयास गेलो असता, मैदानाबाहेर चारपाच पोरे 'प्रो कबड्डीत कोणत्या वर्षाची भरती सगळ्यांत भारी' यावरून हमरीतुमरीवर आलेली दिसली, तेव्हा सामना सोडून आम्ही त्यांच्यातच जाऊन बसलो. येथे मांडणार आहोत तो त्याच भांडणाचा निवाडा.

हे भांडण अमेरिकेत फार जुने आहे. तेथील धंदेवाईक फुटबॉलमध्ये, (ज्यात चेंडूस पाय क्वचितच लागतो,) महाविद्यालयातून निघणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडून घ्यावयाचे, आदल्या साली जो संघ तळाला त्याची पाळी पहिली, अशी रीत १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात सुरू झाली. कोणत्या गावी कोणासाठी खेळावयाचे हे खेळाडूस कोणी विचारीत नसे. पहिले नाव उचलले गेले ते जे बर्वँगर याचे, आणि हा पहिला गडी धंदेवाईक सामना एकही खेळला नाही. १९७६ साली एका खेळाडूच्या दाव्यात न्यायालयाने ही रीत बेकायदा ठरविली. तरी ती टिकली, कारण १९७७ साली खेळाडूंच्या युनियनने मालकांशी केलेल्या करारात तिला वाटाघाटीने मान्यता दिली. युनियनवाल्याने हा तपशील विसरू नये. तेव्हापासून तेथे एकेका सालची निवड वीसवीस वर्षांनी पुन्हा तपासून तिचा क्रम लावण्याचा छंदच आहे.

योगायोग असा, की त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत हुतूतू होता. त्या गड्यांवर कोणी बोली लावली नाही.

आपल्याकडे पाळी नाही, लिलाव आहे. पहिला लिलाव २०१४ साली मुंबईत झाला. आठ संघ होते, आणि सर्वांत मोठी बोली लागली ती राकेश कुमारवर, पाटण्याची, १२ लाख ८० हजारांची. आज हा आकडा ऐकून पोरे हसतात. पण येथेच त्यांचा पहिला घोटाळा होतो. राकेश कुमार, अनुप कुमार ही मंडळी त्या दिवशी घडली नव्हती. ती देशासाठी खेळून नावारूपास आली होती, आणि त्यांतले अनेक रेल्वे, पोलीस अशा खात्यांत नोकरीस होते. आमच्या भाषेत २०१४ ही भरतीच नव्हे, ती अनुभवी कामगारांची नव्या मालकाकडे झालेली बदली. अनुपच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने २०१५ चे अजिंक्यपद मिळविले, हे खरे. पण त्याचे श्रेय लिलाव पुकारणाऱ्यास द्यावयाचे कसे?

दुसरा घोटाळा २०१८ चा. त्या मे महिन्यात प्रथमच बोली कोटीला भिडली, आणि एकदम सहा गडी कोटीच्या घरात गेले. हरियाणाने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले. आपल्या मुंबईच्या रिशांक देवाडिगाचे १ कोटी ११ लाख झाले. म्हणून पोरांचे म्हणणे, २०१८ पहिले. आम्ही म्हटले, बाबांनो, पुढचे वाचा. त्याच वर्षी ऑगस्टात जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत, १९९० पासून जे सुवर्णपदक आपल्याकडून कोणी घेतले नव्हते ते गेले. उपांत्य सामन्यात इराणने आपणांस २७–१८ असे हरविले. सहा कोटीवाल्यांपैकी चौघे भारताच्या संघात होते, आणि एक समोर होता, इराणचा फजल अत्राचली. पुढे लीगमध्ये हरियाणाचा संघ आपल्या गटात तळाला राहिला. विजेतेपद बंगळूरूने नेले, ते पवन सेहरावतच्या जोरावर. अंतिम सामन्यात त्याने एकट्याने २२ गुण केले. तो काही त्या सहांतला नव्हता.

परंतु २०१८ ला आम्ही अजिबात खाली ढकलीत नाही. भाव सोडा आणि त्या साली प्रथम मैदानात उतरलेले गडी पाहा. कोल्हापुरातील चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे आला आणि पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण करून बसला. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लागले, आणि २०२१-२२ च्या हंगामात दुखापतीने त्यास बाहेर बसविले. नवीन कुमार तर तेव्हा अठरा वर्षांचा पोर. पुढच्याच हंगामात त्याने ३०१ गुण केले. या जोडीमुळे २०१८ आमच्या यादीत दुसरे.

तिसरे स्थान २०२१ चे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, तेथला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही जोडी पुण्याने कोवळेपणीच घेतली आणि त्याच अस्लमच्या नेतृत्वाखाली मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने आपले पहिले अजिंक्यपद मिळविले. आयता गडी विकत घेण्यापेक्षा घडविलेला गडी आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. हा आमचा पक्षपात समजावा.

आणि पहिले २०१५. त्या साली गाजावाजा नव्हता. प्रदीप नरवाल बंगळूरूकडून मोजकेच सामने खेळला. कोणाच्या लक्षातही राहिला नसता. दुसऱ्याच हंगामात पाटण्याने त्यास उचलले, आणि त्याच्या 'डुबकी'वर पाटण्याने लागोपाठ तीन अजिंक्यपदे घेतली. २०१७ च्या एका हंगामात चढाईचे ३६९ गुण! फजल अत्राचलीही याच २०१५ च्या भरतीतला. पकडींचे चारशे गुण पुरे करणारा पहिला बचावपटू तोच.

एका पोराने विचारले, 'काका, पण आज प्रदीप कुठे आहे?' आम्हांस आमच्या एका खाणीतला गडी आठवला. खेळाडू म्हणून भरती झाला, दहा वर्षे खाणीच्या संघासाठी चढाया केल्या, आणि गुडघा गेल्यावर हलके काम मिळावे म्हणून त्याचा अर्ज घेऊन आम्ही दोन वर्षे खेटे घातले. खाणीत कॅटेगरी एक ते सहा आहेत आणि त्यांचा पगार आमच्या करारात ठरतो. २०२३ च्या कबड्डी लिलावातही अ, ब, क, ड असे वर्ग होते, ३०, २०, १३ आणि ९ लाख हे त्यांचे पायाभूत दर. पण ते दर लिलाव मांडणाऱ्यांनी ठरविलेले होते, आणि बोलीच न लागली तर दर कागदावरच राहतो.

प्रदीपवर २०२१ साली १ कोटी ६५ लाखांची बोली लागली होती. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी. २०२५ च्या लिलावात त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा चढाईचे अठराशेहून अधिक गुण त्याच्या नावावर होते. इतके दुसऱ्या कोणाचेच नव्हते. एकाही संघाने हात वर केला नाही. त्याच जूनमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच्याच भरतीतला फजल त्या हंगामात दिल्लीकडून खेळला आणि ऑक्टोबरात विजेत्या संघात उभा होता.