'ढ' आणि 'तरी'

वाचता न येणाऱ्या पोराला मराठी शाळेने एकाच अक्षरात निकालात काढलं: 'ढ'. ब्राह्मीपासून या अक्षराचं वळण फारसं बदललं नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ते चिकटलं, असं सांगतात. ज्याला वाचता येत नाही त्याला डोकंच नाही, हे त्यातलं गृहीत काही आपलंच नव्हे. युरोपात त्याला तडा दिला तो डॉक्टरांनी. जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी १८७७ साली 'शब्दांधता' हा शब्द वापरला आणि पुढच्या दशकात श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी 'डिस्लेक्सिया' हा. पण त्यांचे रुग्ण मेंदूच्या आजाराने वाचन गमावलेले प्रौढ होते. मुलांचा प्रश्न पुढे आला तो नोव्हेंबर १८९६मध्ये. इंग्लंडमधल्या सीफर्डचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. बीजगणित त्याला जमे, मोठाले आकडे तो सहज वाचे. स्वतःचं नाव लिहिताना मात्र 'पर्सी'चं 'प्रेसी' करी आणि ती चूक त्याच्या ध्यानातही येत नसे. शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत होतं. हुशार आहे, तरी वाचता येत नाही. माझ्या मते या विषयाची सगळी परिभाषा त्या 'तरी'वर उभी आहे.

या 'तरी'ने पर्सीसारख्यांना 'ढ'पणातून सोडवलं खरं, पण सोडवताना पोरांची निवडही केली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांनी १९६३ साली शिकागोच्या पालकसभेत 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्द मांडला आणि पालकांनी तो उचलून धरला. ('मंदबुद्धी' हा शिक्का टळत असेल तर कोण उचलणार नाही!) अमेरिकेच्या १९७५च्या कायद्यातल्या व्याख्येने मात्र गरिबीमुळे किंवा सांस्कृतिक परिस्थितीमुळे मागे पडलेली मुलं वगळली, आणि १९७७च्या नियमांनी बुद्धी व वाचन यांत मोठी तफावत दाखवायला लावली. म्हणजे आधी बुद्धी सिद्ध करा, मग अडचण.

'तरी' काढला तर अभ्यासात कच्चं असलेलं प्रत्येक मूल यात येईल, हा आक्षेप पोकळ नाही. पण १९९०च्या दशकातल्या संशोधनात वाचनात मागे पडलेली मुलं, बुद्ध्यंक जास्त असलेली आणि कमी असलेली अशी दोन्हीकडची, अक्षर-ध्वनीची सांगड घालताना साधारण सारखीच अडखळताना दिसली. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३च्या वर्गीकरणात तफावतीची अट सोडली. बौद्धिक अक्षमता वेगळीच ठेवली, आणि नेमकी मदत देऊनही किमान सहा महिने टिकलेली अडचण हा निकष धरला. कुंपण गेलं नाही, नुसतं सरकलं. आता प्रश्न असा की मुलाला मदत मिळाली होती का.

आपल्याकडे १९९५च्या अपंगत्व कायद्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' नव्हती. २०१६च्या कायद्याच्या एकवीस प्रकारांत ती आली. मात्र २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी पुन्हा बुद्ध्यंकच आधी मागितला: ८५च्या वर असेल तरच पुढची वाचन-लेखनाची चाचणी. मदत दिली होती का, हा प्रश्न त्या दाराशी नव्हताच. त्या सूचनांनुसार ८४ आलेल्या मुलाला ना हे प्रमाणपत्र, ना बौद्धिक अक्षमतेचं; वर्गात त्याच्यासाठी ते एकाक्षरी नाव आहेच.