दुसऱ्या डॉक्टरचे मत

आमच्या मांजरसुंब्यात उपचारात हलगर्जी झाल्याचा संशय आला, की मला हमखास विचारतात, ‘डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर बोलेल का हो?’ या प्रश्नाला इतिहास आहे. १९५३ मध्ये पळशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. पुण्यात उपचार सुरू असताना तो दगावला. वडिलांनी दावा लावला, तो १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला.

१९९५ मध्ये त्याच न्यायालयाने रुग्णाला ग्राहक न्यायालयाचे दार उघडून दिले. २००५ मध्ये मात्र ठरले, की डॉक्टरवरील खासगी फौजदारी तक्रारीसोबत दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत हवे. २००९ मध्ये हीच अट ग्राहक तक्रारींनाही लागली. पण २०१० च्या निकालाने ती सरसकट लावणे चूक ठरवले. त्या प्रकरणात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. चूक उघड असेल तिथे तज्ज्ञ कशाला? गुंतागुंत असेल तर मात्र तो हवाच.

नाहक खटल्यांपासून डॉक्टरला संरक्षण हवे, हे मला पटते. पण गरिबाने तज्ज्ञ आणायचा कुठून? म्हणून मी सांगतो, आधी कागद मागा. २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत ते द्यावे लागतात.