बुळबुळीत थर आणि परळचा शंभर वर्षं जुना प्रयोग

डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीची पाण्याची टाकी धुताना भिंतीवर हात फिरवून बघा. बुळबुळीत लागतं ना? तो थर म्हणजे जिवाणूंची वस्तीच. स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात ते एकमेकांना धरून राहतात. याला म्हणतात बायोफिल्म. दातांवरचं किटण म्हणजेही तेच.

टाकी घासता येते. पण हाच थर लघवीच्या नळीत किंवा बदललेल्या गुडघ्याच्या सांध्यावर बसला तर? अँटिबायोटिक आतपर्यंत नीट पोचत नाही. शिवाय आतले काही जिवाणू झोपल्यासारखे पडून असतात आणि बरीचशी औषधं तर वाढणाऱ्या जिवाणूंनाच मारतात. एकट्या जिवाणूला मारणारा डोस थरासाठी कधीकधी 1000 पट वाढवला तरी पुरत नाही. म्हणून ताप उतरतो, गोळ्या संपतात, आणि महिन्याभरात दुखणं परत हजर!

आता जरा मागे जाऊ. कल्याण-ठाण्याहून स्लो लोकल पकडली की परळला उतरता येतं. तिथेच हाफकिन संस्था आहे. 1896 च्या प्लेगमध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. जानेवारी 1897 मध्ये त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि 1925 मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं.

त्याच सुमारास फेलिक्स देरेल हा शास्त्रज्ञ भारतात आला. जिवाणूंना खाणारे विषाणू त्याने 1917 मध्ये जगासमोर मांडले होते, आणि 'बॅक्टेरियोफाज' हे नावही त्याचंच. प्लेगवर फाज चालतं का, हे हाफकिनमध्ये तपासलं गेलं. 1932 मध्ये तिथल्याच नायडू आणि आवारी यांनी यावर शोधनिबंध लिहिला. पण प्लेग काही फाजला दाद देईना. पुढे 1940 च्या दशकात पेनिसिलिन सगळीकडे पोचलं आणि फाज मागे पडलं. जॉर्जियातल्या तिबिलिसीत मात्र 1923 पासूनची संस्था हे काम करतच राहिली.

मग आज हा विषय परत का निघाला? कारण काही फाजकडे थरातला चिकट पदार्थ तोडणारी एन्झाइम्स असतात. शिवाय जिवाणू सापडला की फाज तिथल्या तिथे वाढतं. 2016 मध्ये सॅन दिएगोत टॉम पॅटरसन यांच्यावर अँटिबायोटिक्स चालेनाशी झाली होती. शिरेतून फाज दिलं गेलं आणि ते वाचले.

पण मंडळी, ही जादूची कांडी नाही. एक फाज ठरावीक जिवाणूलाच लागू पडतं, म्हणून प्रत्येक पेशंटसाठी योग्य फाज शोधावं लागतं. आपल्याकडे हा अजून रोजचा उपचार नाही. आज तरी मुख्य उपाय जुनाच: नळी बदलायची, थर खरवडून काढायचा, गरज पडली तर बसवलेला सांधाही काढायचा, आणि सोबत अँटिबायोटिक.

म्हणून घरात आजी-आजोबांना डॉक्टर म्हणाले, "नळी बदलावी लागेल," तर चालढकल करू नका. त्याऐवजी मेडिकलमधून मनानेच आणखी एक स्ट्रिप आणली, तर थर तसाच राहतो आणि उरलेले जिवाणू औषधाला सरावतात. परळच्या त्या प्रयोगाकडे जग पुन्हा वळलंय, ते अशाच सरावलेल्या जिवाणूंमुळे.