सिकलसेल आणि जेनेटिक मार्कर: आजाराच्या जीनचा पत्ता कसा लागतो?

केळापूर, झरी-जामणी भागात शिकलेल्यांना सिकलसेलची तपासणी नवी नाही. रिपोर्टवर ‘एएस’ आलं तर वाहक, ‘एसएस’ आलं तर रुग्ण. फरक कशाचा? ११ व्या क्रोमोसोमवरच्या बीटा ग्लोबिन जीनमध्ये फक्त एका अक्षराचा, ‘ए’च्या जागी ‘टी’. डीएनएत अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. मग त्यात आजाराची जागा सापडते कशी?

यवतमाळात पत्ता सांगताना आपण ‘दत्त चौकाजवळ’ म्हणतो ना, मार्कर म्हणजे डीएनएमधला तसाच चौक. तो आजार करत नाही, पण त्याची जागा माहीत असते आणि तो माणसागणिक थोडा वेगळा असतो. आई-वडिलांकडून मुलाकडे जाताना क्रोमोसोमच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. लांबच्यांची ताटातूट होते, शेजारी मात्र बहुतेक वेळा सोबतच जातात. म्हणून घराण्यात आजार आणि मार्कर पुन्हापुन्हा एकत्र दिसले, तर जीन जवळपासच असणार.

पण तो योगायोग असेल तर? इथे गणित लागतं. निव्वळ योगायोगाने एका मुलात दोन्ही सोबत येण्याची शक्यता निम्मी. लागोपाठ १० मुलांत तसंच घडण्याची शक्यता १०२४ मध्ये १. या १०२४ चा लॉगरिदम येतो ३.०१, आणि हाच झाला ‘लॉड स्कोअर’. न्यूटन मॉर्टन यांनी १९५५ मध्ये ३ हा उंबरठा ठरवला. आता एका घरात १० मुलं कुठून आणायची? गरजच नाही. वेगवेगळ्या कुटुंबांच्या स्कोअरची सरळ बेरीज करता येते, या पद्धतीची खरी ताकद तीच. १९८३ मध्ये हंटिंग्टन आजाराचा जीन ४ थ्या क्रोमोसोमवर आहे हे असंच कळलं.

सिकलसेलचं उलटं झालं. दोष प्रोटीनवरून आधीच माहीत होता. १९७८ मध्ये कान आणि डोझी यांनी जीनशेजारचा एक मार्कर वापरून गर्भातल्या बाळाचं निदान करता येतं, हे अमेरिकेत दाखवलं. पण तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत सिकलसेलसोबत दिसणारा तो मार्कर भारतीय रुग्णांत तसा सापडत नाही. आपल्याकडे जीनभोवतीची नक्षीच वेगळी आहे, तिला ‘अरब-इंडियन हॅप्लोटाइप’ म्हणतात. म्हणजे एका समाजातला ‘शेजारी’ दुसऱ्या समाजात चुकीचा पत्ता सांगू शकतो. ऑनलाइन डीएनए किटचे ‘रिस्क’ रिपोर्ट वाचताना हे लक्षात असू द्या, कारण त्यामागचा बराचसा डेटा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे.

लग्नाआधी स्वतःचा आणि जोडीदाराचा प्रकार बघायला मार्कर लागत नाही, हिमोग्लोबिनची रक्ततपासणी पुरते. दोघंही ‘एएस’ असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं बाळ निरोगी निघालं तरी दुसऱ्या वेळी ती तेवढीच राहते.