‘व्यापार’ खेळाचा उलटलेला डाव

दिवाळीच्या सुटीत फराळ आटोपला, की घरोघर ‘व्यापार’चा पट पसरला जातो. धाकट्या भावंडाकडून भाडे वसूल करताना थोरल्याला कसली दयामाया राहत नाही. आपला हा ‘व्यापार’ म्हणजे अमेरिकेतल्या ‘मोनॉपॉली’चा देशी अवतार. त्या खेळाचे मूळ मी शोधू लागलो, तेव्हा मोठी मौज वाटली. ज्या बाईंनी तो प्रथम रचला, त्यांना शिकवायचे होते ते नेमके याच्या उलट!

एलिझाबेथ मॅगी (१८६६–१९४८) या लघुलेखिका होत्या आणि हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या अनुयायी. जॉर्जचे म्हणणे असे, की जमीन कोणा माणसाने निर्माण केलेली नाही. तेव्हा तिचे भाडे समाजाच्या पदरात पडावे. हे व्याख्यानातून किती जणांच्या गळी उतरणार? म्हणून बाईंनी ‘जमीनदाराचा खेळ’ रचला. ५ जानेवारी १९०४ रोजी त्यांना त्याचे पेटंट मिळाले.

रचना मोठी मार्मिक होती. पटावरची वाट चौकोनी, तिला शेवट नाही. एक फेरी पुरी झाली की कष्टाची मजुरी मिळे; पण दुसऱ्यांच्या जमिनीवर पाऊल पडताच ती भाड्यात जाई. एका कोपऱ्यात विलायतेतल्या लॉर्डसाहेबांची जमीन होती. तिथे जो शिरला, तो थेट तुरुंगात! बाईंनी दुसरे नियमही दिले होते. त्यांत भाडे सार्वजनिक खजिन्यात जमा होई आणि त्याचा लाभ सर्वांना मिळे. दोन्ही खेळून पाहावे आणि अन्याय कुठे आहे तो मुलांनी स्वतः ओळखावा, हा हेतू.

पुढे खेळ हातोहात पसरला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने तो चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाकडून घेतला आणि बाईंचे पेटंट पाचशे डॉलरांत विकत घेतले. जनक म्हणून नाव झाले ते डॅरोचे. १९७० नंतरच्या दशकात राल्फ अँस्पाक या प्राध्यापकांचा त्या खेळाच्या नावावरून खटला चालला, तेव्हा कुठे बाईंची हकीकत उजेडात आली.

दुसरे नियम का मागे पडले? मला वाटते, सगळेच सुखी झाले की हरवायला कोणी उरत नाही. जे दुःख दाखवायला पट मांडला, त्याचीच लोकांना गोडी लागली.

वाचकहो, यंदा एक डाव बाईंच्या त्या दुसऱ्या नियमांनी खेळून पाहा. थोरले चिरंजीव पटावर किती वेळ टिकतात, ते मला जरूर कळवा!