कसोटीचे सामने

इंग्लंडातील फुटबॉलची साखळी स्पर्धा १८८८ साली सुरू झाली, ती खेळाच्या प्रेमातून जितकी, तितकीच जमाखर्चाच्या विवंचनेतून. खेळाडूंना वेतन देण्यास १८८५ साली रीतसर मान्यता मिळाली होती. परंतु पगार दर आठवड्यास चुकता करावयाचा आणि सामने मात्र बेभरवशाचे, आज ठरलेला उद्या रद्द होणारा, अशा स्थितीत क्लबांच्या तिजोरीला गळती लागली नसती तरच नवल. बर्मिंगहॅम शहरी कापडाचे दुकान चालविणारे विल्यम मॅकग्रेगर हे स्कॉटिश गृहस्थ ॲस्टन व्हिला क्लबाच्या कारभारात होते; त्यांनी निवडक क्लबांना पत्रे धाडली आणि १८८८ च्या एप्रिलात मँचेस्टरच्या एका हॉटेलात १२ क्लबांचा संघ स्थापन झाला. ठरल्या दिवशी ठरलेले गिऱ्हाईक यावे, ही युक्ती दुकानदारालाच सुचावी हे मला स्वाभाविक वाटते.

परंतु या १२ जणांच्या पंगतीत तेराव्याने शिरावे कसे? हंगामाच्या अखेरीस तळाच्या चार क्लबांनी पुन्हा प्रवेशासाठी अर्ज करावा, बाहेरच्या उमेदवारांनीही अर्ज गुदरावेत, आणि उरलेल्या क्लबांनी मते देऊन कोणास ठेवावे व कोणास निरोप द्यावा हे ठरवावे, असा शिरस्ता पडला. १८९० साली स्टोक या संस्थापक क्लबाला या मतदानात बाहेर जावे लागले व त्याच्या जागी संडरलंड आला. वर्षभराने जागा वाढताच स्टोक पुन्हा दाखल झाला. थोडक्यात, मैदानावरचा पराक्रम ही केवळ शिफारस होती; सनद मिळे ती दरबाराच्या मर्जीने.

१८९२ साली ‘फुटबॉल अलायन्स’ ही प्रतिस्पर्धी संघटना या संघात विलीन झाली. पहिल्या विभागात १६ व दुसऱ्यात १२ क्लब बसविण्यात आले, आणि दोन मजल्यांच्या या इमारतीला जिना बांधणे भाग पडले. तो जिना म्हणजे ‘टेस्ट मॅच’, कसोटीचा सामना. हा शब्द आज आपल्याकडे सर्वस्वी क्रिकेटच्या मालकीचा झाला असला, तरी सोनाराच्या कसोटीशी त्याचे खरे नाते या फुटबॉलच्या सामन्यांतच अधिक जवळचे होते. वरच्या विभागातील तळाचे तीन आणि खालच्या विभागातील माथ्याचे तीन एकमेकांवर घासून पाहावयाचे, आणि कस उतरेल त्याची पायरी ठरवावयाची.

१८९३ च्या पहिल्याच कसोटीत या न्यायाची विषमता दिसून आली. स्मॉल हीथ हा क्लब दुसऱ्या विभागात २२ पैकी १७ सामने जिंकून पहिला आला होता. न्यूटन हीथ पहिल्या विभागात अगदी शेवटचा. दोघांची गाठ पडली, १-१ अशी बरोबरी झाली, सामना पुन्हा खेळविला गेला आणि न्यूटन हीथने तो ५-२ असा जिंकला. वर्षभराची कमाई एका दुपारी बुडाली. अव्वल आलेला खाली राहिला आणि तळाचा वर. (स्मॉल हीथ म्हणजे पुढचा बर्मिंगहॅम सिटी, आणि न्यूटन हीथ म्हणजे मँचेस्टर युनायटेड.) त्याच वर्षी शेफील्ड युनायटेडकडून १-० असा पराभव पत्करलेल्या ॲक्रिंग्टन या संस्थापक क्लबाने खालच्या विभागात खेळण्याऐवजी संघाचाच राजीनामा दिला. त्यांच्या मानीपणाचे कौतुक करावे की हट्टाला हसावे, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

पुढे पद्धत पालटली. १८९६ पासून वरचे शेवटचे दोन आणि खालचे पहिले दोन अशा चौघांची छोटी साखळी ठेवण्यात आली. प्रत्येकाने समोरच्या विभागातील दोघांशी घरी व बाहेर खेळावयाचे, विजयास दोन गुण, बरोबरीस एक. दिसावयास ही व्यवस्था अधिक न्याय्य. परंतु अंकगणितात एक चोरवाट राहून गेली, आणि ती १८९८ साली स्टोक व बर्न्ली यांना सापडली. ३० एप्रिल रोजी स्टोकच्या व्हिक्टोरिया मैदानावर दोघे समोरासमोर आले, तेव्हा दोघांच्याही खाती चार गुण जमा होते. बरोबरी झाली की दोघेही पाच गुणांनिशी तरणार, हे मैदानातील बावीस जणांना ठाऊक होते आणि पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांनाही. मग जो सामना झाला त्याला सामना म्हणणे हा शब्दाचा अपमान होय. गोलाकडे चेंडू मारावयाचाच नाही, असा जणू अलिखित तहच झालेला. चेंडू इकडून तिकडे, तिकडून प्रेक्षकांत. संतापलेल्या प्रेक्षकांनी अखेर आपल्या परीने खेळ सुरू केला: आलेला चेंडू परत द्यावयाचा नाही. एक गेला, दुसरा आणला, तोही गेला; त्या दिवशी पाच चेंडू खर्ची पडले असे सांगतात. निकाल अर्थातच ०-०. चौघांतील उरलेले दोघे, न्यूकॅसल व ब्लॅकबर्न, अनुक्रमे चार व दोन गुणांवर राहिले.

खेळाडूंना दोष देणे सोपे आहे. मला खरे अपराधी वाटतात ते नियमाचे कर्ते, ज्यांनी दोन उमेदवारांना कोरी उत्तरपत्रिका देऊन उत्तीर्ण होण्याची सोय करून ठेवली होती. संघाच्या धुरीणांनाही ते उमगले असावे. त्यांनी पहिला विभाग १८ क्लबांचा केला, न्यूकॅसल व ब्लॅकबर्न यांनाही त्यात सामावून घेतले, कसोटीचे सामने मोडीत काढले आणि पुढच्या हंगामापासून तळाचे दोन खाली व माथ्याचे दोन वर असा सरळ कायदा केला. तहाचा लाभ मात्र टिकला नाही. बर्न्ली दोनच वर्षांत खाली उतरला. आणि सामावून घेतलेल्या न्यूकॅसलने १९०५, १९०७ व १९०९ असे तीनदा, तर ब्लॅकबर्नने १९१२ व १९१४ असे दोनदा विजेतेपद पटकावले.

पहिला विभाग २२ क्लबांवरून २० वर आणावयाचा ठरल्यावर, ८९ वर्षांनी, १९८७ साली हे सामने ‘प्ले-ऑफ’ या नव्या नावाने परतले. अंतिम फेरीत वरच्या विभागातील चार्लटन आणि खालच्या विभागातील लीड्स यांनी आपापल्या घरी १-० असा एकेक सामना जिंकला, म्हणून तिसरा सामना त्रयस्थ मैदानावर खेळवावा लागला. जादा वेळेत लीड्सने आघाडी घेतली. मग चार्लटनच्या पीटर शर्टलिफ या बचावपटूने शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल केले, आणि वरचा वर राहिला, खालचा खाली. मैदान होते बर्मिंगहॅम सिटीचे, म्हणजे त्याच जुन्या स्मॉल हीथचे.