नहरेपासून चुलीपर्यंत: आमच्या नगराच्या भाजीपाल्याचा अल्प इतिहास

कोणत्याहि नगराचा इतिहास सांगावयास बसलें, म्हणजे राजांचीं नांवें, वेढे आणि दरवाजे यांचीच माळ ओवली जाते. आमचें नगर या बाबतींत फारच श्रीमंत आहे. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी या खेड्याच्या जागीं राजधानी वसविली. त्याच्या मागें पुत्र फत्तेखान यानें तिला फत्तेनगर म्हटलें. १६५३ मध्यें औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतां ती औरंगाबाद झाली. आणि २०२३ सालीं नगराचें नांव छत्रपति संभाजीनगर झालें. दरवाजे तर लोक बावन्न सांगतात. परंतु त्या दरवाजांतून रोज पहांटे डोकीवर टोपल्या घेऊन जीं माणसें आंत येत, त्यांची आठवण इतिहासकार क्वचितच काढतात. राजधानी हलली, नांव पालटलें, सुभेदार आले नि गेले. मेथीची जुडी मात्र दुसऱ्या दिवशींहि यावीच लागली. ती कोठून आली, कोणत्या पाण्यावर वाढली आणि घरांत आल्यावर तिचें काय झालें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

भाजीचा इतिहास हा मुळांत पाण्याचा इतिहास होय. आमच्या भागांत वर्षाकाठीं सरासरी सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शाळू काळ्या जमिनींतील ओलीवर येतो. वांगें आणि कोथिंबीर येत नाहींत. त्यांना उरलेले आठ महिने कोणीतरी पाणी पाजावें लागतें. मलिक अंबर हा हबशी गुलामगिरींतून वजिरीस चढलेला पुरुष. त्याला पाण्याचें मोल पक्कें ठाऊक होतें. नगर वसवितांना त्यानें उत्तरेकडील डोंगरपायथ्याचें झिरपतें पाणी जमिनीखालून खोदलेल्या मार्गानें आणिलें. हीच नहर-ए-अंबरी. अंतराअंतरावर हवेसाठीं व सफाईसाठीं विवरें, पुढें मातीचे नळ, आणि पाण्याचा जोर आवरून तें वांटून देण्यासाठीं उंच मनोरे, अशी तिची रचना होती. यंत्र नाहीं, इंधन नाहीं. केवळ उताराचें गणित. पुढें त्याच विद्येवर आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांतील पाणचक्की, जिचें साल १७४४ सांगतात, ती याच कुळांतली. पाण्याच्या बळावर तेथें जातें फिरे, आणि दर्ग्यांत येणाऱ्या फकिरांस व यात्रेकरूंस त्या पिठाची भाकरी मिळे.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण जुन्या काळाचें वर्णन करतांना लेखणीस साखर लागते. नहरेचें पाणी प्रथम महालांस, हमामांस आणि हौदांस मिळे. रयतेच्या मळ्याचा खरा आधार विहीर आणि मोट हाच होता. बैलांची जोडी, चामड्याची मोट, धांवेवरचा फेरा, आणि पाटाच्या तोंडाशीं खोरें घेऊन उभी असलेली माळ्याची बायको किंवा मुलगा: या चौघांच्या श्रमानें दोन वाफे भिजत. शहराच्या भोंवतालचे मळे असे पिकले. बादशाही बागांपैकीं दिल्ली दरवाजापलीकडील हिमायत बाग अद्याप उभी आहे. तेथें आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें फळ संशोधन केंद्र असून, आंबा आणि सीताफळ यांवर काम चालतें. बादशहाच्या विलासासाठीं केलेली जमीन शेतकऱ्याच्या कलमांस उपयोगी पडावी, हा काळाचा न्यायच म्हणावयाचा.

फळांचा लौकिक तर नगराहूनहि जुना. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकांत दौलताबादेस आला, तेव्हां येथील द्राक्षें आणि डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात, हें त्यानें आवर्जून नोंदविलें. नागपूरच्या संत्र्याचा इतिहास सांगणारे म्हणतात कीं, त्याचें मूळ रोप भोसले घराण्यांतील रघुजीराजे यांनीं औरंगाबादेहून नेऊन आपल्या बागेंत लाविलें. विदर्भाच्या वैभवाची ही उधारी आमच्याच लोकांस फारशी ठाऊक नाहीं! उलट दौलताबादच्या डोंगरउतारांवरील सीताफळ, ज्याला आम्ही सीतामाईचें म्हणतों, तें बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मतें अमेरिका खंडांतून आलेलें आहे. पेरू, टोमॅटो आणि मिरची हीं त्याच वाटेनें आलीं. देवगिरीच्या यादवांच्या पाकशाळेंत मिरची नव्हती. तिखटाचें काम मिरी आणि आलें करीत. आज तीच मिरची सिल्लोडची म्हणून नांवाजली जाते, आलें कन्नड आणि फुलंब्रीचें, आणि मोझांबिकच्या नांवावरून जिचें नांव पडलें ती मोसंबी पैठण तालुक्यांत पाचोडच्या बाजारीं ढिगांनीं येते. बाहेरून आलेलें पीक चार पिढ्यांत इतकें घरचें होतें कीं त्याला परकें म्हटलें तर शेतकऱ्यास राग यावा.

आतां चुलीकडे वळूं. शीतगृहें आणि दूरची वाहतूक येण्यापूर्वीं नगरांतील गृहिणीस ‘आज काय करूं’ हा प्रश्न फारसा पडत नसे. त्याचें उत्तर मळ्यानें आधींच दिलेलें असे. पावसाळ्याच्या आरंभीं विकत घ्यावयाची भाजी थोडी आणि आपोआप उगवणारी पुष्कळ. तरोट्याचीं कोंवळीं पानें, कुरडू, घोळ, चिवळ, आणि डोंगराकडून येणारीं करटुलीं. भाद्रपदाच्या सुमारास अंबाडी. तिचीं पानें उकडून, आंबट पाणी पिळून काढून, त्यांत जोंधळ्याच्या कण्या आणि तुरीची डाळ घालावयाची, आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी ओतावयाची. गरिबाच्या घरची ही भाजी श्रीमंतांनीं अलीकडे उपाहारगृहांत पैसे मोजून खाण्यास आरंभ केला आहे. थंडी पडली कीं शेपू, चाकवत, आंबट चुका आणि करडईचा कोंवळा पाला. पौषांत संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगीची भाजी होते: वांगीं, गाजर, ओला हरभरा, पावट्याच्या शेंगा, बोरें, तिळाचें कूट, म्हणजे त्या आठवड्यांत शिवारांत जें जें आहे तें तें एका पातेल्यांत, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ही पाककृति कोणा एका सुगरणीनें शोधलेली नसून ऋतूनेंच ती घालून दिली आहे.

हुरड्याविषयीं मात्र थोडें अधिक लिहिल्यावांचून राहवत नाहीं. शाळूचें कणीस दुधांतून चिकांत आलें, कीं तो खाण्याचे दिवस थोडे असतात. शेतांतच गोवऱ्यांची आगटी करून कणसें भाजावयाचीं, हातावर चोळून दाणे काढावयाचे, आणि लसणाची चटणी, गूळ, दहीं यांबरोबर तेथेंच खावयाचे. हुरडा बाजारांतून घरीं आणून खाणें म्हणजे पत्रानें भेट घेण्यासारखें आहे. येथें खाणाऱ्यासच शेतापर्यंत चालत जावें लागतें. चैत्र-वैशाखांत मळे सुकत, तेव्हांची तरतूद हिवाळ्यांतच झालेली असे. गवारीच्या शेंगा, मेथी आणि वांग्याच्या फोडी उन्हांत वाळवून डब्यांत भरून ठेवीत, सांडगे घालीत. वाळवण हें हौसेचें काम नव्हतें. तें न करणाऱ्याच्या घरीं वैशाखांत चटणी-भाकरीशिवाय कांहीं नसे.

आणि कधीं कधीं भाकरीहि नसे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत अजून येते. ज्या भूमींत शाळू पिकतो, तेथें परदेशांतून आलेला तांबडा मिलो घेऊन भाकरी थापावी लागली. खडी फोडणाऱ्या बायका-पुरुषांस सुकडी वांटली गेली. विहिरी तळ दाखवूं लागल्या तेथें भाजीचें नांव कोण काढणार! पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें १९६५ मध्येंच झाली होती. १९७६ मध्यें तें राष्ट्रास अर्पण झालें. त्यानें सुबत्ता आणिली, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण गोदाकांठचीं अनेक गांवें आणि त्यांचे काळेभोर मळे त्या नाथसागराखालीं गेले, हेंहि तितकेंच खरें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावर अजूनहि पेरणी होते; तिला गाळपेर म्हणतात. स्वतःच्या बुडालेल्या शिवारावर वर्षांतून चार महिने पाहुण्यासारखें पेरावयास जाणें, हें दुःख आंकड्यांत मांडतां येत नाहीं.

नगराला नाथसागराचें पाणी सुमारें ५० किलोमीटरांवरून मिळूं लागलें आणि जुन्या नहरींकडे लक्ष देण्याचें कारणच उरलें नाहीं. त्याच सुमारास सिडकोच्या वसाहती उठल्या, कारखाने आले, आणि वेशीबाहेरच्या मळ्यांचे प्लॉट पडले. २०११ च्या जनगणनेंत शहराची लोकसंख्या ११ लाख ७५ हजारांवर गेली. इतक्या तोंडांस टोपल्यांनीं भाजी पुरविणें शक्य नव्हतें. म्हणून जाधववाडीचें मोठें आवार, पहांटेचे लिलाव, आडते, घाऊक व्यापारी, मग गल्लींतील हातगाडी, अशी सांखळी तयार झाली. आडत्यास शिव्या देण्याची आपल्याकडे फॅशन आहे. आम्हांस ती पटत नाहीं. रात्रीं दोन वाजतां गाडीभर कोबी घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा सगळा माल तो उतरवून घेतो, अडचणींत उचल देतो. दोष निराळा आहे. या सांखळींत खाणारा आणि पिकविणारा एकमेकांस दिसेनासे झाले. वैजापुराकडे टोमॅटोचा भाव काढणीच्या मजुरीइतकाहि न राहिल्यामुळें शेतकरी तो रस्त्याकडेला ओततो, आणि नगरांतील गृहस्थ त्याच आठवड्यांत गल्लींतील भाव महाग म्हणून कुरकुरतो. दोघेहि खरें बोलत असतात.

२०१६ सालीं राज्यशासनानें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली, आणि आडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घेण्याचें ठरविलें. पुढें २०२० च्या टाळेबंदींत राज्यांतील अनेक शेतकरी गटांनीं वसाहतींच्या दारापर्यंत भाजीच्या पिशव्या पोंचविल्या. अनेकांनीं तेव्हां प्रथमच आपल्या ताटांतील वांग्याचा मालक पाहिला. हा व्यवहार टिकावा अशी आमची मनापासून इच्छा आहे. परंतु तो बहुधा शेतकऱ्याकडून मोडत नाहीं, आमच्या स्वयंपाकघरांतून मोडतो. मळा मागणीपत्रकाप्रमाणें पिकत नाहीं. आश्विनांत दुधी भोपळा आणि दोडका यांचा पूर येतो, आणि तिसऱ्या आठवड्यास पिशवी उघडतांच ‘पुन्हां दुधी!’ असा उद्गार निघतो; चौथ्या आठवड्यास पिशवीच बंद होते. आणि वाफ्यांतला दुधी मात्र वाढतच असतो, कारण त्याचें बीं दोन महिन्यांपूर्वीं कोणाच्या तरी शब्दावर टाकलेलें असतें. मराठवाड्यांत कर्जापायीं ज्या शेतकऱ्यांनीं जीव दिले, त्यांच्या कथा आपण सर्वांनीं वाचल्या आहेत. मोडलेला शब्द ही त्यांच्या कर्जाची एकमेव बाजू नव्हे, पण एक बाजू आहे.

आमच्या आजींना हा दुधी जड गेला नसता. एके दिवशीं हरभऱ्याच्या डाळींत घालून भाजी, दुसऱ्या दिवशीं किसून थालीपिठांत, आणि साल उरे तिची तीळ घालून चटणी. दोडक्याच्या शिरांची चटणी तर भाजीहून रुचकर. टोमॅटो स्वस्त झाले म्हणजे सार. हें ज्ञान पुस्तकांतून गेलेलें नाहीं, घरांतूनच गेलें, आणि घरांत विचारलें तर अजून मिळतें.

जाफर दरवाजाचा रविवारचा आणि छावणीचा गुरुवारचा आठवडी बाजार आजहि भरतो. तेथें सगळेच शेतकरी नसतात. ज्याच्यापुढें पंधरा जिन्नस एकसारखे रचलेले दिसतात, तो बहुधा व्यापारी. ज्याच्या पोत्यावर दोनच भाज्या आहेत, मुळांस माती आहे, आणि जुड्या लहान-मोठ्या आहेत, तो आपल्या वाफ्यांतलें घेऊन आलेला असतो. त्याच्याशीं भाव करण्यापूर्वीं पेरा कधींचा आहे तें विचारावें. मागील मार्गशीर्षांत छावणीच्या बाजारीं शेपू घेतांना एका म्हाताऱ्या बाईंस आम्हीं असें विचारलें. तिनें उत्तर दिलें, सुटे पैसे पदराच्या गांठींतून काढून दिले, आणि वर सांगितलें, “पुढच्या बाजारीं शेपू नाही बरं का, बाबा. करडईची भाजी आणीन. सकाळींच या.”